बेंदराचं तेल

“चाक फिरतंय तवर लेक लांब न्हाई,” असं हंबीरराव येता-जाता म्हणायचा. सायकलवर टांग टाकताना म्हणायचा, उतरताना म्हणायचा. बायको शालूबाई लेकीच्या आठवणीनं डोळ्यांना पदर लावू लागली की तिलाही हेच ऐकवायचा.

लेक बनुबाई शिराळ्याच्या पल्याड, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत दिलेली. हंबीररावाचं गाव कृष्णाकाठी. मधला रस्ता खडीचा आणि तांबड्या मुरुमाचा. आधी बाभळी, मग उघडा माळ, माळावर वाऱ्यानं लवणारं कुसळीचं गवत, आणि चढ संपला की खाली भाताची हिरवी खाचरं. चाकाखाली खडी करकरायची, आणि हंबीररावाला वाटायचं, रस्ता आपल्याशी बोलतोय. वाडीच्या वळणावर तो घंटी वाजवायचा. ती ऐकून बनुबाई हातातलं काम टाकून दारात यायची.

सायकल त्याच्या कोरेगावच्या मेहुण्याची. पलटणीत जाताना तो ती ठेवून गेला, आणि ब्रह्मदेशाच्या रानातून परत आलाच नाही. हंबीरराव दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा. दावणीला बैल कधी नव्हताच. ही सायकलच त्याचा बैल.

त्या वर्षी चैत्रात बनुबाईचं पहिलं मूल जन्मताच गेलं. ती अंथरुणातून उठली ती निम्मी होऊन. बाप भेटून निघाला तेव्हा तिनं सायकल मागून धरून ठेवली.

“आबा, नागपंचमीला माहेराला न्ह्याल न्हवं? हितं मला झोप लागत न्हाई.”

सासू राहीबाई काही वाईट बाई नव्हती. म्हणाली, “न्ह्या पाव्हणं. पर चालवत न्हेऊ नगा. बैलगाडीचं हिसकंबी तिला सोसायचं न्हाईत. सायकलीवर घोंगडं घाला, तिला बसवा आन् हातानं धरून हळू न्ह्या.”

“ठरलं,” हंबीरराव म्हणाला.

आषाढात बेंदूर आला. गावानं बैल धुतले, शिंगं रंगवली, खुरांना तेल चोळलं. हंबीररावानंही सायकल ओढ्यावर नेऊन धुतली, तिला गोंडे बांधले, पुरणपोळीचा निवद दाखवला. मग करडईचं तेल घेऊन बसला. लेक बसणार, चाकं मऊ राहावीत, खडीनं भेगाळू नयेत, म्हणून खुरांना जिरवतात तसं त्यानं ते टायरींना जिरवलं. वर तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या आणि सायकल जपून आढ्याला टांगली.

“आवं, समदं तेल तिलाच? कालवणाला काय घालू?” शालूबाई म्हणाली.

“तुझी लेक आली की घाल.”

पंचमीच्या आदल्या दिवशी त्यानं चिंध्या सोडल्या. टायरी फुगून गिचगिचीत झाल्या होत्या. बोट लावलं की रबर बोटाला चिकटून येई. तो सायकल खांद्यावर टाकून बाजाराच्या गावी भाऊसोकडे पळाला. भाऊसो सायकली दुरुस्त करायचा.

“ह्ये काय फासलंयस रं?”

“तेल. बेंदराला.”

भाऊसो खदखदून हसला. “रबराला तेल! आरं गड्या, पेंड घातलीस का न्हाई हिला? वैरण तरी?” मग त्यानं हंबीररावाचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू विरलं. “तेलानं रबर कुजतं, बाबा. आन् लढाई लागल्यापासनं नवी टायर बघायला बी मिळत न्हाई. कुठनं देऊ?”

शेवटी दोघांनी मिळून चाकांवर काथ्याचा दोर आवळून गुंडाळला. हंबीरराव सायकल हातात धरून चालत निघाला. पावसानं रस्त्यातला मुरूम धुवून नेला होता, खडी दातासारखी वर आली होती. माळ ओलांडेपर्यंत दोर झिजून तुटला. चढावर पुढचं चाक दोन दगडांत सापडलं आणि वाकडं झालं. आज रस्ता त्याच्याशी काहीच बोलत नव्हता.

पंचमीच्या दुपारी तो वाडीच्या वळणावर आला. घंटी वाजवायला त्याचा हात उठला नाही. पण बनुबाई सकाळपासूनच हिरवं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन दारात बसली होती. तिनं बापाकडे बघितलं, मग चाकाकडे.

“टायरीला तेल लावलं मी, बने.”

“कशाला?”

“तू बसायची म्हनून.”

बनुबाईनं गाठोडं काखेत घेतलं. मग उठली. “चालंन की मी, आबा. त्यात काय!” ती अंगण ओलांडून कुंपणापर्यंत गेली, आणि तिथंच कुडाला धरून खाली बसली. राहीबाईनं तिला उचलून आणलं.

“पाव्हणं, तुमीच सांगा. कशी धाडू हिला?”

हंबीरराव वाकड्या चाकावरचे दोराचे धागे सोडवत राहिला.

“दिवाळीला न्ह्या,” राहीबाई हळूच म्हणाली.

“दिवाळी लय लांब हाय,” बनुबाई म्हणाली. तिनं गाठोडं सोडलं आणि फडक्यात बांधलेल्या लाह्या काढून बापाच्या हातात दिल्या. “आईला द्या. मी भाजल्यात, म्हनावं.”

सायकल आता ढकलताही येत नव्हती. हंबीररावानं ती खांद्यावर घेतली. पलीकडे माहेराला आलेल्या पोरी झाडाच्या झोक्यावर गात होत्या. तो खडीवरून चालू लागला, आणि त्याच्या प्रत्येक पावलागणिक खांद्यावरची घंटी आपोआप किणकिणू लागली. बनुबाई उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. राहीबाईनं तिला मागून धरलं होतं. तो वळणाआड गेल्यावरही घंटी ऐकू येत होती, आणि बनुबाई तिकडंच बघत राहिली.