मामांची टाळी

दाद देण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी एकच पाहिला: वाकोल्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मामा. ते सगळ्या इमारतीचेच मामा. खारदांड्याची कोळीण जिन्यात हाळी द्यायची, तर हे वरून "वा! काय सूर लागलाय!" म्हणून मान डोलवायचे. ती म्हणायची, "मामा, म्हावरं घ्या आधी, मान मागनं हलवा." नाटकाला गेले की पदागणिक त्यांचा ‘वन्स मोअर’ ठरलेला. एकदा दमलेल्या नटाने रंगमंचावरूनच त्यांना हात जोडले, तर मामांनी त्यावरही टाळी वाजवली.

या माणसाची मुलगी पियानो शिकली. ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका शाळेच्या सभागृहात कॉलेजातल्या मुलांसाठी पाश्चात्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरला आणि एकल पियानोवादनासाठी तिची निवड झाली. इमारतीत आनंद झाला, तिला मात्र वडिलांचीच धास्ती. तिने मामांना समोर बसवलं.

"बाबा, तीन भाग आहेत. मधे वादन थांबेल, पण टाळी नाही, वा नाही आणि वन्स मोअर तर नाहीच. मधे आवाज झाला की माझं लक्ष मोडतं. जमणार नसेल तर येऊ नका."

"अगं, पण आवडलं हे तुला कळणार कसं?"

"कळतं मला." मग तिथेच बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू यांच्या शेजारी बस. वाटल्यास हात धर."

मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. कार्यक्रमाला न जाताही ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ असं लिहिण्यात माझा हातखंडा होता, त्यामुळे ही जबाबदारी मला किरकोळ वाटली.

मामा आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पहिला भाग संपत आला तशी त्यांची मान थरथरू लागली. मी त्यांचा दंड घट्ट धरला. पियानो थांबला. सभागृहात कोणी हूं की चूं केलं नाही. इतकं सुंदर वाजवल्यावर ही शांतता मला पोरीचा अपमान वाटली, आणि त्या शांततेत कोणीतरी कडकडून टाळी वाजवून "वन्स मोअर!" असं ओरडलं. तो आवाज मामांचा नव्हता.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मामा दातओठ खात कुजबुजले, "अरे, तुला कशाला आणलंय?" पोरीने डोळे मिटले, क्षणभर थांबली आणि दुसरा भाग सुरू केला. माझा जीव भांड्यात पडला. उरलेला वेळ मीही हात मांडीखाली घालून बसलो.

शेवटी सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मामा तसेच बसलेले.

"संपलं? नक्की?"

"नक्की, मामा. वाजवा आता."

"तुझ्यावर काय भरवसा!"

त्यांची खात्री पटून मुंग्या आलेले हात बाहेर निघेपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. मग मामांची एकट्याची टाळी वाजली. वाकून अभिवादन करून परत निघालेली पोर पियानोपाशी थांबली आणि हसली.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कुठे वादन थांबलं की माझे हात आपोआप मांडीखाली जातात. सगळे टाळ्या वाजवू लागले तरी मी थोडा थांबतो. शेजारून कोणीतरी "संपलं? नक्की?" असं विचारेल, असं उगाच वाटत राहतं.