चपला आत घे

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेचा क्रम मी लावते. गाणी, प्रार्थना, शास्त्रवाचन, साक्ष, संदेश, दान, सूचना. कुणी किती बोलायचं हे मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते, कारण आमचे लोक एकदा उभे राहिले की बसत नाहीत. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, ती साक्ष. आमच्याकडे ती चोरीची सायकल सापडल्यापासून नवस न करता मूल झाल्यापर्यंत कशाचीही असते, आणि मला हातातलं घड्याळ वर करून दाखवावं लागतं.

माझ्या थोरल्या बहिणीनं एकदाच साक्ष दिली, असं मी धरते.

दाजी, म्हणजे तिचे मालक, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होते. किडन्या गेल्या, बरेच दिवस डायलिसिस चाललं आणि एका दुपारी ते गेले. तेव्हा त्यांच्या खाटेजवळ आक्का आणि मी, दोघीच होतो. त्यानंतर आक्का बोलेनाशी झाली. ब्लाऊज शिवायला घ्यायची आणि मशीनवर हात ठेवून तशीच बसायची. मी डबा पोचवला, बीपीच्या गोळ्यांची डबी वारांप्रमाणे लावून दिली, तिच्या गिऱ्हाइकांना पुढच्या तारखा दिल्या. करण्यासारखं होतं ते सगळं केलं. तिला फरक पडला नाही.

मग एका रविवारी, साक्षीसाठी नाव दिलेलं नसताना, ती आपणहून उभी राहिली.

"माझे मालक गेले तव्हा मी जवळच होते," ती म्हणाली. "शेवटी मला काय म्हणले? म्हणले, चपला आत घे, कुत्रं नेईल. त्यांना वाटलं आपण घरीच हाव. दवाखान्यात कुठल्या चपला न् कुठलं कुत्रं? मला हसू आलं. मी म्हणले, घेते. अन् ते गेले. मला प्रार्थना करायचं सुचलंच न्हाई. तरी देवानं मला सोडलं न्हाई. एवढंच."

लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मी घड्याळ वर केलं नाही. दाजी असेच होते. रोज झोपायच्या आधी सगळ्यांच्या चपला मोजून आत घेणारे.

आमच्या गाण्याच्या टीमचा प्रमुख लग्नांचे व्हिडिओ काढतो, आणि रविवारच्या उपासनेचेही. पूर्वी पेटी आणि ढोलकी होती, त्याच्या हाती कारभार गेल्यापासून कीबोर्ड आला, मागे रंगीत दिवे आले, नाताळात धूर सोडायचं मशीनही आलं. पोरगा मनानं वाईट नाही. उपासना संपल्यावर त्यानं आक्काला थांबवलं.

"आक्का, आवाज बराबर आला न्हाई. पुन्हा एकदा घेऊ. जल्दी होईल."

"आता पुन्हा?" मी विचारलं.

"मावशी, तुम्ही खुर्च्या आवरा ना, मी आक्काशी बोलून राह्यलो." मग तिच्याकडे वळून, "फक्त ते चपलांचं ऱ्हाऊ द्या. लोक हसतात, फील तुटतो. टीव्हीवर बघता ना तुम्ही, गाण्याआधी त्या पोरीची गोष्ट दाखवतात? बाप गेला, घर गळतंय, मंग गाणं लागतं. माणूस तिथंच धरला जातो."

बघायचो की. शनिवार-रविवार आम्ही दोघी तोच कार्यक्रम लावून रडत बसायचो.

"मंग काय सांगू?" आक्कानं विचारलं.

"विश्वासाचं काहीतरी म्हणले असतील ना शेवटी?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. "म्हणायचे तसं. प्रार्थना करत जा, भिऊ नको म्हणून."

"हां! तेच."

दाजी तसं म्हणायचे हे खरं आहे. कधीतरी म्हणायचे. मी खुर्च्या एकावर एक रचत राहिले. कीबोर्डवाल्यानं एक लांब सूर धरून ठेवला आणि आक्का रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्याला म्हणाली, "शेवटच्या श्वासाला ते म्हणले, भिऊ नको, प्रार्थना कर."

तो व्हिडिओ आष्टीपर्यंत पोचला. बोलावणी यायला लागली. आज या सभेत, उद्या त्या उपवास प्रार्थनेला. आक्का एकटी कशी जाणार, म्हणून मी जाते. गाडीची वेळ, पाण्याची बाटली, गोळ्या, पांढरी साडी इस्त्री करून घडी मोडणार नाही अशी पिशवीत. एका ठिकाणी एका बाईनं आक्कासोबत सेल्फी काढला आणि मला विचारलं, "अन् तुम्ही त्यांच्या मॅनेजर का?"

दर सभेला साक्ष थोडी वाढली. आधी एक नर्स आली आणि तीही रडली. मग दाजींच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ज्या खिडकीतून पडला ती खिडकी तिथं नव्हतीच. कुठं थांबायचं ते आक्काला कळायला लागलं. ती थांबली की कीबोर्डचा सूर वर चढतो, आणि समोरचे फोन वर होतात.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन मी साक्ष कशी वाढत चाललीय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, मागच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या," ते म्हणाले. "आता बाहेर उभे ऱ्हातेत लोक. मलाही तो धूर आवडत न्हाई, खोकला येतो मला. पण पोरं घरी बसली तर मी कुणाला सांगू? अन् तुमच्या बहिणीला बघा. जेवती, झोपती, शिवती. ते बंद करू म्हणता?"

आक्का खरंच शिवायला लागली होती. दिलेल्या तारखेला ब्लाऊज द्यायला लागली होती. मी जे करून थकले ते त्या स्टेजनं केलं होतं.

गेल्या महिन्यात अंबडला मोठी सभा होती. मागे भिंतीएवढा पडदा, त्यावर आक्काचा चेहरा. ती "भिऊ नको" म्हणाली आणि अख्खा मांडव हुंदके द्यायला लागला. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. मलाही रडू आलं, आणि कशाचं ते कळेना.

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा तिला दिली. गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "आक्का, दाजी चपलांचं म्हणले होते, ते आठवतं ना तुला?"

"कोणत्या चपला?"

"शेवटी. चपला आत घे म्हणले होते."

ती माझ्याकडे वळली. "असं म्हणले होते का गं?"

"मी होते की तिथं. तू हसलीस पण."

"मंग मला का आठवत न्हाई?" तिनं माझा हात धरला. सभेत धरते तसा नाही. घट्ट, दुखेल असा. "मला ते भिऊ नकोच ऐकू येतंय. त्यांच्याच आवाजात. सांग ना, कसं म्हणले?"

मी सांगितलं. दाजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं होतं, ते सांगितलं. मग मी थांबले. खरं तर थांबायची गरज नव्हती, पण थांबले. मग त्यांच्यासारख्या खालच्या आवाजात म्हणाले, "चपला आत घे. कुत्रं नेईल."

आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली. त्या दुपारी हसली होती तशी. मला वाटलं, सापडले दाजी.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या सीटकडे बघत ओठातल्या ओठात ते वाक्य एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा, जरा थांबून.

"हे चांगलंय गं," ती म्हणाली. "पुढल्या सभेत हेच सांगते. पण हसायला नको लोकांनी. सूर आधीच धरायला सांग कीबोर्डवाल्याला."