मामीची तीन तासांची कॅसेट

माझ्या मामीचा स्टुडिओ म्हणजे तिच्या दुकानातलं कोटांचं कपाट. दुकान कपडे दुरुस्तीचं. चेन बदलून मिळेल, पँट आखूड करून मिळेल, वजन वाढलं असेल तर एक शब्द न बोलता कंबर सैल करून मिळेल. लोक कोट टाकून जातात आणि विसरतात. असे बावीस कोट त्या कपाटात लटकलेत आणि त्यांच्यामुळे आवाज घुमत नाही, हा शोध माझा. मी तिची भाची. रेकॉर्डिंग करणारी, काटछाट करणारी आणि बोलणी खाणारी.

पॉडकास्ट मराठी पिक्चर आणि मालिकांवर आहे. म्हणजे तिकडच्या, भारतातल्या पडद्याला इकडे परदेशात बसून नावं ठेवायची. मामी सगळं शिंपिणीच्या नजरेनं बघते. "हिरो म्हणे उपाशी आहे," ती माइकवर खेकसते, "आणि शर्टाचं फिटिंग बघा! मापं घ्यायला शिंपी घरी येत असेल मेल्याच्या." तिचा खरा राग मात्र परदेशातून आलेल्या पात्रांवर. "आपल्यातला माणूस पिक्चरमध्ये आला की एक तर बिघडलेला असतो, नाहीतर विमानतळापासून रडत येतो. रजा किती उरली ते बोटांवर मोजत येणारा एक तरी दाखवलाय का कुणी?" असे सत्त्याण्णव भाग झालेत. ऐकणारे चारेक हजार, आणि त्यातले निम्मे भांडायलाच येतात.

पॉडकास्टचं नाव 'कडीवरचा हात'. ते एका जुन्या पिक्चरच्या शेवटावरून आलंय. नायिका सासर सोडून गेलेली असते. शेवटी ती परत येते, बंद दारापुढे उभी राहते, कडीला हात लावते, आणि पिक्चर संपतो. ती आत गेली की नाही, कळतच नाही! कुणाच्या तरी मेहुण्याने तिकडे टीव्हीवरून तो टेप करून पाठवला होता. एकच कॅसेट. ती इथल्या चौदा मराठी घरांतून फिरली. कडीवर हात आला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आणि लोक त्या मुंग्यांकडे बघत डोळे पुसायचे. वा, काय दिग्दर्शक! शेवट आपल्यावर सोडला!

मामीने तर तो शेवट आयुष्याला टाचून टाकला. एकतीस वर्षांपूर्वी थोरल्या मामांचा फोन आला होता, की पुरे झालं आता, परत या, स्वयंपाकघर सुनेची वाट बघतंय. मामा बस चालवून कंटाळला होताच. त्याने बॅग भरली, मोजेसुद्धा भरले. त्याच आठवड्यात कॅसेट आमच्याकडे आली. मामी मुंग्या येईपर्यंत बघत बसली, उठली आणि म्हणाली, "मी नाही येणार." ही गोष्ट तिने पॉडकास्टवर किमान नऊ वेळा सांगितली असेल. मी दर वेळी कापते आणि ती दर वेळी नव्याने सांगते.

तर अठ्ठ्याण्णवाव्या भागाला साक्षात त्या पिक्चरच्या नायिकाबाई फोनवर येणार होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसून कंटाळल्या होत्या बिचाऱ्या, म्हणून हो म्हणाल्या. मामी सकाळपासून हवेत होती. तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन पाय एकमेकांना शिवले.

दहा मिनिटं उरलेली असताना मला तिकडच्या एका श्रोत्याचा मेल आला. 'ताई, पिक्चर तीन तास वीस मिनिटांचा आहे. ती दार उघडते. पुढे भरपूर आहे.'

मी मेल पुन्हा वाचला. कॅसेट तीन तासांची होती. चौदा घरं एकतीस वर्षं कॅसेट संपल्यावर टाळ्या वाजवत होती! मी काउंटरवर बसलेल्या मामाला मेल दाखवला.

"आता?" तो कुजबुजला.

"तू सांग. बायको तुझी."

"मी चहा टाकतो," म्हणून मामा पसार झाला.

मी कपाटात डोकं घातलं. मामी दोन ओव्हरकोटांच्या मधे बसून आवाज मोकळा करत होती. लिपस्टिकसुद्धा लावली होती, फोनवर बोलायला. माझ्याच्याने सांगवलं नाही. तेवढ्यात फोन लागला.

मामीने ख्यालीखुशाली विचारली, मग एका दमात सुटली. "बाई, तुम्ही ते दार उघडलं नाहीत ना, म्हणून आज माझं दुकान आहे."



"अहो, उघडलं की मी," बाई म्हणाल्या. "वीस मिनिटं फरशीवर गुडघे टेकून माफी मागितली. नवऱ्याची, सासऱ्यांची, एका आत्याची पण. अकरा टेक झाले. हे गुडघे तेव्हापासूनच बोंबलतायत."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. तिचा चेहरा इतका उतरला की मला स्वतःची लाज वाटली. आधीच सांगायला हवं होतं. तिचा हात शेजारच्या कोटाच्या बाहीत गेला आणि तिथेच राहिला.

"आमची कॅसेट," ती हळूच म्हणाली, "कडीपाशी संपली होती."

"कडीपाशी?"

"हो. मला वाटलं, तुम्ही गेला नाहीत आत."

पलीकडून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं. मग कळलं, बाई हसत होत्या, आणि काही केल्या थांबेनात. मामीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हलायला लागले होते. शेवटी बाईंनी दम घेतला.

"बरं, माझ्या बाईचं राहू द्या, ती गेली चुलीत. तुमच्या कॅसेटमधल्या बाईनं पुढे काय केलं?"

मामीने नाक पुसलं, एका बेवारशी कोटाला. पाठ ताठ केली.

"कडी सोडली," ती म्हणाली. "घरी आली. हप्त्यावर शिलाई मशीन घेतलं. आणि नवऱ्याला म्हणाली, बॅगेतले मोजे बाहेर काढा."

"आणि नवरा?"

कपाटाच्या दाराशी दोन कप धरून उभा असलेला मामा, ज्याने सत्त्याण्णव भागांत तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, माइककडे वाकून ओरडला, "काढले!"