ओळंब्यानं लावलेला वाकडा दात

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याच्या हातातल्या ओळंब्यासारखीच त्याची नजर. जरा कुठे तिरकं दिसलं की जिवाची तगमग. पाहुणा म्हणून गेला तरी यजमानांच्या भिंतीवरचा फोटो सरळ करून मगच टेकायचा. बायको म्हणायची, "माझा भांग तेवढा राहू द्या माझ्या मर्जीनं."

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. प्लास्टरची भुकटी, मेणाचा वास आणि खिडकीत ओळीनं हसणारे जबडे. कामात चालढकल नाही, लपवाछपवी नाही. कवळी कुणाच्या हिरडीला टोचली, तर बदलून दे म्हणावं लागत नसे; आपणहून नवी करायला बसायचा.

एकदा एक आजी कवळीसाठी आली. दात काढण्याआधी डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडाचा साचा घेऊन ठेवला होता. ओळंब्यानं पाहिलं, वरचा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला. त्याला दयाच आली. जन्मभर सोसलं बिचारीनं, म्हातारपणी तरी सुटू दे. साचा फोडून टाकला आणि दात असे लावले, जसे प्रार्थनेला उभी राहिलेली शाळेतली पोरं. विचारलं कुणालाच नाही. भलं करायला काय विचारायचं?

आठवड्यानं आजी परत आली, कवळी रुमालात गुंडाळलेली. मागे आठ-नऊ वर्षांची नात, तोंडावर हात धरून.

"टोचते का, आजी?"

"लोण्यासारखी बसलीय. पण माझा वाकडा दात कुठे गेला, बाबा?"

"अहो, लोक तो सरळ करायला तारा बांधून घेतात."

"घेऊ देत. तो दात माझ्या आईचा. मग माझा, मग लेकीचा, आता हिचा. हिला शाळेत चिडवलं, की मी माझा दाखवायचे. म्हणायचे, बघ, आपल्या घरचा शिक्का आहे. आता ही म्हणते, आजी, तू सुटलीस, मी एकटीच राहिले. तेव्हापासून पोर हसायची बंद झालीय."

डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "कवळी तर छान झालीय. होईल हळूहळू सवय."

"नाही बाई, चूक माझी आहे," ओळंबा म्हणाला. "यांच्या तोंडात मी माझा स्वभाव बसवला."

साचा तर फुटला होता. तसा दात आता त्या खोलीत एकाच तोंडात होता. ओळंबा स्टूल ओढून नातीसमोर बसला.

"बाळ, मला तो दात करायचाय आणि जमत नाहीये. दाखवशील?"

तिनं आजीकडे पाहिलं. हात काही निघेना.

"हसणार नाही ना?"

"हसू कशाला? मला बघून बघून शिकायचंय."

हात खाली आला.

त्यानं कवळीतला सुळा सोडवला, मेणावर बसवला, आच दाखवून कलता केला. पण बोटं ऐकतील तर शपथ. दर वेळी दात गुपचूप ओळीत जाऊन उभा. आजी म्हणाली, "कठीण जातंय का हो?" तो नुसता हुं म्हणाला. शेवटी एकदाचा तिरका लागला. त्यानं कवळी पोरीपुढे धरली.

तिनं जिभेनं आपला दात चाचपला. मग कवळी निरखली.

"अजून थोडा वाकडा."

"अजून?"

"हो. हा लाजल्यासारखा दिसतोय. आमचा असा नसतो."

आणि त्याला नीट दिसावं म्हणून दिव्याकडे तोंड करून तिनं ओठ पार मागे ओढला.