प्रशांतने बंद केलेली टेस्ट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. मी कॉलेजात गणित शिकवतो. कुणी असले किस्से सुरू केले की मी सरळ उठून जायचो. पण हे माझ्याच घरात घडलं... भर दुपारी.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही कोपरखैरण्याला रो-हाऊसमध्ये राहायचो. प्रशांत माझा सहकारी, जिवाभावाचा दोस्त. मुलांच्या लॅबसाठी आम्हाला गणिताचं एक फुकट सॉफ्टवेअर हवं होतं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर त्याचा नुसता सोर्स कोड होता — म्हणजे प्रोग्रॅम आपणच आपल्या मशीनवर बनवून घ्यायचा. कमांड द्यायची आणि तासन् तास बसायचं. आमचं मशीन म्हणजे गोगलगाय!

सगळं पार शेवटपर्यंत जायचं आणि अडायचं. शेवटी ते सॉफ्टवेअर स्वतःच काही गणितं सोडवून बघायचं. एक उत्तर चुकलं की काम बंद. कित्येक रविवार माझ्या घरी हेच चाललं होतं. त्या दिवशी प्रशांतचं डोकं सटकलं. त्याने ती टेस्टच कोडमधून बंद करून टाकली.

"उद्या लॅबमध्ये काय दाखवू? माझं तोंड?" तो म्हणाला.

चुकलेलं उत्तर झाकून मुलांना देणार का, म्हणून मी भडकलो. आमची चांगलीच जुंपली. शेवटी त्याने कमांड दिली आणि मी तणतणत चहा टाकायला आत गेलो. सुनीता, माझी बायको, तिथेच भाजी निवडत होती.

आधी खुर्ची पडली. मग मारल्याचे आवाज... आम्ही दोघं धावलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. प्रशांत भिंतीला चिकटलेला, पाय जमिनीपासून वर, आणि त्याचं डोकं भिंतीवर दणादण आपटत होतं. नाकातोंडातून रक्त. त्याचा हात आपोआप मागे पिरगळला गेला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी त्याला कमरेला धरून ओढलं, तर तो मलाच लाथा घालू लागला. सुनीताने कॉम्प्युटरचा प्लग खेचला. त्यासरशी प्रशांत धाडकन खाली पडला.

हात मोडला, बरगड्या गेल्या. डॉक्टरांना त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. मला वाटलं, खरं सांगून कोण विश्वास ठेवणार, म्हणून. नंतर त्याने नोकरी सोडली, खांदेश्वरला राहायला गेला. माझे फोन घेईना.

बऱ्याच महिन्यांनी सुनीताला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो हळूच म्हणाला, "वहिनींकडे बघून पोलिसांत गेलो नाही. पण एवढं मारायचं काय कारण होतं रे? गळा धरून एकच विचारत होतास... उत्तर बरोबर की चूक?"

मी तर तेव्हा आत चहा टाकत होतो! सुनीताने शपथ घेऊन सांगितलं, "हे तेव्हा स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभे होते." त्याने मान डोलावली. पटलं असावं, असं वाटून मला रडूच आलं.

निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. प्रशांतने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

त्या खोलीत माझा चेहरा घेऊन कोण आलं होतं, मला आजही माहीत नाही.