शेठच्या नावाची चिठ्ठी

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जनावरं कधी खोटं बोलत नसत. ते काम मालकांचं. टेबलावर ठेवलेलं मांजर आपले दात, कान, पोट दाखवून खरं काय ते सांगून मोकळं होई, पण त्याला खायला काय देता असं विचारलं, की मालक छताकडे बघत म्हणत, "काही खातच नाही हो." असं काही न खाणारं साडेसात किलोचं मांजर उशीच्या अभ्र्यातून बाहेर ओढताना डॉक्टरबाईंच्या मनगटात कळ येई.

एकवीस वर्षं त्या हेच करत होत्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि इस्त्रीवाल्याचं दुकान यांच्यामध्ये दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, त्याच्या एका टोकाला कुत्रेवाले, दुसऱ्या टोकाला मांजरवाले, आणि मधल्या रिकाम्या जागेत कासव घेऊन आलेला एखादा गरीब बिचारा. लोक जनावरं कशातून आणतील याचा नेम नसे. भाजीच्या पिशवीतून, कपड्यांच्या टोपलीतून; एका वादकाने तर दोन पिल्लं व्हायोलिनच्या पेटीतून आणली होती. डॉक्टरबाई सगळ्यांना तेच तेच सांगत. माणसांची दुखण्यावरची गोळी मांजराला देऊ नका, एका गोळीनेही जीव जातो. कुत्र्याला चॉकलेट नको, द्राक्षं नकोत, कांदा नको. कानात काड्या घालू नका. लोक शहाण्यासारख्या माना डोलावत आणि दारापर्यंत जाऊन वळून विचारत, की थोडंसं चॉकलेट चालेल ना? झोपेतसुद्धा बायको "थोडंसंही नाही" असं बजावते, अशी त्यांच्या नवऱ्याची तक्रार होती.

त्यांचा आणखी एक लौकिक होता, की बाई खरं ते तोंडावर सांगतात. एका गृहस्थांनी पोपटाला मूल नसल्याचं दुःख झालंय का असं विचारलं, तेव्हा बाईंनी पोपट ही पोपटीण आहे आणि पिंजऱ्यात कापडाच्या बोळ्याखाली जे आहे ते अंडं आहे, असं सांगितलं. गृहस्थ दोन महिने फिरकले नव्हते. अशा बाईंना आयुष्यातलं पहिलं खोटं एका कुत्र्याच्या नावाने लिहावं लागलं, त्याची ही हकिकत.

कुत्र्याचं नाव शेठ. तपकिरी, आखूड पायांचा, लोंबत्या कानांचा. पिल्लू असल्यापासून उशीला टेकून बसायची सवय, म्हणून हे नाव. त्याचे मालक मोजणीदारकाका. जमिनीची मोजणी करण्यात छत्तीस वर्षं घालवून ते निवृत्त झाले होते, पण टेप काही त्यांच्या खिशातून निवृत्त झाली नव्हती. घरात खुर्ची टीव्हीपासून किती अंतरावर असावी हे त्यांनी फरशीवर खडूने आखून ठेवलं होतं. माणसांशी ते मोजकं बोलत. शेठशी मात्र अहोजाहो करून भरपूर बोलत.

त्या वर्षी लस टोचायला ते शेठला घेऊन आले. दहा वर्षांचा कुत्रा, वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम, हृदय ठणठणीत, दात वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं, काकांनी वहीत टिपलं आणि दोघे समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. हातात ना कुत्रा ना पिशवी. बाकावर मांजरवाल्यांच्या बाजूला बसून राहिल्या, सगळे गेल्यावर आत आल्या आणि दार लोटून घेतलं. काकांची साखर वाढली होती. त्यांच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आठ महिने झाले, काका ढिम्म. मुलीने फोनवर रागावून पाहिलं, काकूंनी अबोला धरून पाहिला. त्या अबोल्याचं काकांना बरंच वाटलं असावं, कारण तो कधी सुटला ते त्यांना कळलंच नाही.

"हे दोनच गोष्टी मानतात," काकू म्हणाल्या. "एक टेप, आणि दुसरं तुम्ही शेठबद्दल सांगाल ते. तुम्ही फक्त म्हणा, की शेठला चालायला हवं."

डॉक्टरबाईंनी साफ नकार दिला. माणसांवर उपचार करायची त्यांना परवानगी नव्हती आणि कुत्र्याला उपचारांची गरज नव्हती. काकूंनी वाद घातला नाही. कुत्र्याला चालणं वाईट असतं का, एवढंच विचारलं. नाही, वाईट कसं असेल. मग चांगलं असतं का? असतं. मग जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायला डॉक्टरांना काय अडचण, असं म्हणून काकूंनी त्यांच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं, की डॉक्टरबाईंना वकिलासमोर उभं राहिल्यासारखं झालं. लेकी बोले सुने लागे हा जुनाच उपाय. इथे लेक चार पायांची होती एवढंच. डॉक्टरबाईंनी पेन उचललं. चिठ्ठीवर लिहिलं: रुग्ण, शेठ. सकाळी एक किलोमीटर, संध्याकाळी एक किलोमीटर.

दोन महिन्यांनी काका वही घेऊन हजर झाले. आधी ओळखूच आले नाहीत. पोट आत गेलं होतं, शर्ट खांद्यांवर सैल झाला होता, चेहरा उन्हाने रापला होता. त्यांनी रस्त्यांची लांबी मोजायचं चाकाचं यंत्र कुठूनसं पैदा केलं होतं आणि रोजचं अंतर मीटरमध्ये मांडलं होतं. शिवाय, चांगली गोष्ट थोडी जास्त झाली तर अधिकच चांगली, या हिशोबाने दर आठवड्याला पाव किलोमीटर वाढवत नेलं होतं. आता सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन चालले होते. काकांची साखर उतरली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते काकूंनी आधीच फोन करून कळवलं होतं.

शेठ मात्र लंगडत होता.

डॉक्टरबाईंना आपली चिठ्ठी आठवली. दहा वर्षांच्या आखूड पायांच्या कुत्र्याला आपण दिवसाला सहा किलोमीटर पळवलं. त्यांनी शेठला टेबलावर घेतलं, चारही पाय खांद्यापासून बोटांपर्यंत दाबून पाहिले, सांधे वाकवले, तळवे तपासले. शेठ मालिश चालल्यासारखा डोळे मिटून पडला होता. खाली सोडल्यावर तो सरळ चालत जाऊन बाकाखाली बसला. घरी कुठल्या पायाने लंगडतो? काकांनी वही पाहून सांगितलं, की सोमवारी पुढचा डावा, बुधवारी मागचा उजवा, शुक्रवारी पुन्हा पुढचा, पण या खेपेला उजवा.

डॉक्टरबाईंनी काकांच्या हातातून पट्टा घेतला आणि शेठला दाखवला. शेठ बाकाखालून निघाला आणि तीन पायांवर इतका करुण लंगडत आला, की बाकावरच्या एका मांजरवाल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. पट्टा खिशात गेला, पाय जमिनीवर आला. पुन्हा बाहेर काढला, पाय वर. घाईत आपण पाय बदलला हे मात्र शेठच्या लक्षात आलं नाही.

दुखणं नव्हतं, कंटाळा होता. पण निरोगी कुत्र्यावर सोंग घ्यायची वेळ आपण आणली, हे बाईंच्या मनाला लागलं. खोटं पचवायची सवय नसलेल्या माणसाला ते लगेच उलटतं. त्यांनी काकांना आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी शेठच्या नावाची होती, औषध तुमचं होतं.

काकांनी वहीतला शेवटचा आकडा पाहिला. मग वही मिटली.

"म्हणजे तुम्ही मला खोटं माप दिलंत," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी याहून वाईट शिवी कुणाला दिली नव्हती. शेठला घेऊन ते निघून गेले. शेठ न लंगडता गेला.

त्यानंतर काकांनी दवाखान्यात येणं सोडलं. बाईंना वाटलं, चालणंही सुटलं असेल. आपण आगीतून फुफाट्यात पडलो. काकूंना फोन करायचा धीर होईना. तीन आठवड्यांनी फोन आला तो दुसऱ्याच माणसाचा. नदीपलीकडे जनावरांचे एक डॉक्टर होते, कॉलेजात बाईंच्या एक वर्ष पुढे असलेले. त्यांनी विचारलं, की हे मोजणीदार म्हणून कोण गृहस्थ आहेत? दिवसाआड येतात. एकदा नखं, एकदा कान, एकदा कुत्रा उजवीकडे जास्त वळतो ही तक्रार. कुत्रा धडधाकट आहे. येतात पायी, जातात पायी, आणि जाताना म्हणतात की अडीच किलोमीटर चालावं लागलं तरी बेहत्तर, पण प्रामाणिक डॉक्टरकडेच जाणार.

बाईंनी मनातल्या मनात गणित केलं. जाऊन येऊन पाच किलोमीटर. चिठ्ठीने सुरू केलेलं काम आता राग पुढे चालवत होता.

"आणि कुत्रा चालतो एवढं?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"छे हो. कुत्रा गाडीत असतो."

काकांनी शेठसाठी गाडी बनवली होती. लाकडी खोकं, त्याला मोजणीच्या यंत्राचं चाक आणि जुन्या बाबागाडीची दोन चाकं, आत उशी. शेठ तिला टेकून बसत आणि काका ढकलत. पुलावर लोक बाजूला होऊन वाट देत.

डॉक्टरबाई त्या दिवशी वेड्यासारख्या हसल्या. नंतर कपाळाला हात लावला. पाच किलोमीटर उशीवर बसून फिरणारा, आणि वाटेत ओळखीच्यांनी कौतुकाने दिलेली बिस्किटं खाणारा कुत्रा. याचा शेवट काय होणार हे सांगायला कॉलेजात जावं लागत नाही.

चार महिन्यांनी गाडी त्यांच्याच दाराशी उभी राहिली. काका आत आले ते तुसड्या चेहऱ्याने. नदीपलीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शेठचं वजन तेरा किलो झालंय आणि त्याला रोज चालवा.

"तेही तुमच्या कटात दिसतात," काका म्हणाले. "म्हटलं, मूळ आरोपीलाच विचारावं."

शेठला काट्यावर ठेवलं. तेरा किलो शंभर. डॉक्टरबाईंनी सांगितलं, की या वेळी खरंच सांगते आहे, शेठला चालायला हवं. थोडं, हळू, सपाटीवर, पण स्वतःच्या पायांनी. काकांनी मान हलवली ती न पटल्याची. काटा कुणीही बिघडवू शकतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याने एकदा मापात मारलं त्याच्या तराजूवर दुसऱ्यांदा विश्वास ठेवणारा मोजणीदार नव्हे. बाईंनी आजारांची नावं सांगितली, सांध्यांवर पडणारा भार सांगितला, दहा वर्षांच्या हृदयाचं सांगितलं. काका भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत राहिले.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, काका. तुम्हीच मोजा."

त्यांनी काकांना डाव्या हाताची मूठ वळायला लावली आणि उजव्या हाताची बोटं मुठीच्या हाडांवरून फिरवायला सांगितली. शेठच्या फासळ्या अशा टोचल्या, तर कुत्रा हडकलेला. मग मूठ उघडून पालथा पंजा सपाट धरायला सांगितला. त्याच्या पाठीवरून बोटं फिरवल्यावर हाडं दिसत नाहीत पण लागतात. फासळ्या अशा लागल्या, तर कुत्रा बरोबर. मग तळहात वर करून अंगठ्याखालचा मांसल भाग चाचपायला सांगितला.

"आता शेठ."

काकांनी शेठच्या कुशीवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. आपला तळहात चाचपला, परत शेठला चाचपलं. खिशातून टेप निघाली, शेठची कंबर मोजली गेली, वहीत मागचा आकडा शोधला गेला. लस टोचल्यावर घरी जाऊन त्यांनी शेठचं अंग मोजून ठेवलं होतंच. साडेपाच सेंटिमीटरचा फरक होता. काका खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं मोजली आणि आपल्याच कुंपणाखालून जमीन गेली.

"ह्यांचं हे मी केलं," ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी सांगितलं, की निम्मं माझं आहे. मग दोघांनी बसून आखणी केली. बिस्किटं बंद. जेवण वाटीने न घालता वजन करून. चालणं दोनशे मीटरपासून सुरू, आठवड्याला पन्नास मीटर वाढ, आणि सकाळी व संध्याकाळी एक-एक किलोमीटरला पूर्णविराम. पुढचं अंतर शेठने गाडीत बसून जायचं. तेवढं काकांनी स्वतःहून जोडलं, कारण त्यांना आता पूल ओलांडल्याशिवाय चैन पडत नव्हतं. तिथल्या चहाच्या टपरीवर त्यांना तीन मित्र मिळाले होते. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी डॉक्टरबाईंना फोन करून फक्त एवढं विचारलं, की चहा बिनसाखरेचा असतो का, याची चौकशी करता येईल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही.

शेठ पाच महिन्यांत साडेअकरावर आला. लंगडणं त्याने अजून सोडलेलं नाही, पण ते आता सोमवारपुरतं राहिलंय.

काका पुन्हा याच दवाखान्यात येतात, मात्र एका अटीवर. प्रत्येक चिठ्ठी ते दारात उभं राहून नीट वाचतात आणि बाईंकडून खुलासा घेतल्याशिवाय पायरी उतरत नाहीत. परवा शेठच्या कानाला खाज होती म्हणून बाईंनी थेंब लिहून दिले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कुणासाठी?"

"शेठसाठी."

"नक्की?"

"नक्की. दिवसातून दोनदा, तीन-तीन थेंब. तुम्ही स्वतःच्या कानात घातलेत, तर मला फोन करू नका."

काकांनी तेही वहीत लिहून घेतलं.