बोरिवलीच्या गवतात मॉस शोधणारी नलू

माझी बायको मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा वाटलं की ही बाई मेलीय.

ऐंशीच्या दशकातला ऑगस्ट. मी विक्रोळीच्या एका फॅक्टरीत ड्राफ्ट्समन. ऑफिसची पिकनिक बोरिवलीच्या नॅशनल पार्कात होती.

क्रिकेटचा बॉल शोधत मी गवताळ भागात शिरलो, तर समोर एक मुलगी पालथी पडलेली. चेहरा जमिनीला टेकलेला. हालचाल नाही.

मी धावलो. "अहो ताई, ताई..."

"पाय," ती डोकं न उचलता म्हणाली. "पाय उचला तुमचा. लिव्हरवर्टवर उभे आहात."

ही नलिनी. माझी नलू. तेव्हा बॉटनीत रिसर्च करत होती.

माझ्या बुटाशेजारी ओल्या मातीला काहीतरी हिरवं चिकटलेलं होतं. मी म्हटलं, "शेवाळ आहे की."

"शेवाळ नाही, मॉसचं भावंड आहे. नीट बघा." तिने हातातलं भिंग दिलं.

इवल्या इवल्या हिरव्या फिती. प्रत्येक फीत टोकाला दुभंगलेली, आणि सगळ्या मिळून चक्रासारख्या गोल मांडलेल्या.

बॉल राहिला तिथेच.

पुढच्या रविवारी मी परत हजर. "तुमची बॅग धरायला आलो," म्हटलं. ती हसली आणि बॅग दिली. जड होती यार.

"हे जंगल नाही, सॅव्हाना आहे," तिने मला शिकवलं. "गवत जास्त, झाडं तुरळक."

"ते आफ्रिकेत असतं ना?"

"बोरिवलीतही असतं."

तो अख्खा पावसाळा आम्ही गुडघ्यांवर काढला. वारुळाच्या अंगावर एक मॉस, झाडाच्या सालीवर दुसरं, दगडाच्या सावलीतल्या बाजूला तिसरंच. परवानगी असूनही नलू नखाएवढाच तुकडा घ्यायची. "राखीव रान आहे. आपली भाजीची वाडी नाही."

पण तिच्या रिसर्चच्या गाइडना, म्हणजे सरांना, हा विषय पटत नव्हता. "मॉस हवं तर महाबळेश्वरला जा. त्या गवतात काय मिळणार? मी एकदा जागा बघतो, मग ठरवू."

सरांना सवड मिळाली ती थेट मे महिन्यात.

सगळं रान वाळून कोळसा झालेलं. लिव्हरवर्टचा पत्ता नाही. सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "कुठे आहे तुझी डायव्हर्सिटी?"

नलूने एका झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. सालीवर काळपट खपली होती.

"ही काजळी आहे, नलिनी."

आता वाट लागली, मी मनात म्हटलं.

नलूने माझ्या खांद्यावरची पाण्याची बाटली काढली आणि सगळी त्या सालीवर ओतली. मला तहान लागली होती, पण बोलायची सोय नव्हती.

सरांनी घड्याळ पाहिलं.

मग ती खपली हलल्यासारखी वाटली. मिटलेली बारीक पानं एकेक करून उघडायला लागली. बघता बघता काळ्याचं हिरवं झालं.

सर उकिडवे बसले. चष्मा काढून अगदी जवळून बघत राहिले.

"अजून पाणी आहे?"

"संपलं, सर."

"बरं. विषय राहू दे हाच."

नलू मान खाली घालून बाटलीचं झाकण लावत होती. ते काही केल्या बसेना.

परत गेटकडे येताना मी विचारलं, "लग्न करतेस माझ्याशी?"

"करते. पण पावसाळ्यानंतर. पावसात मला वेळ नाही."

घरी मुलीबद्दल सांगितलं. आमची आई मालवणची. तिने मला खालून वर न्याहाळलं. "ह्या चेडू तुका खय गावला?"

"चिखलात," मी म्हटलं.

दिवाळीनंतर लग्न झालं.

पुढे नलूने कॉलेजात शिकवलं. दर पावसाळ्यात वर्गच्या वर्ग पार्कात पालथा झोपवायची. तुमच्यापैकी किती जणांनी तिच्यामुळे कपडे खराब केलेत, कमेंटमध्ये सांगा.

गेल्या वर्षी याच दिवशी ती झोपेतच गेली. त्रास नाही, दवाखाना नाही.

आज सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी ब्रश घेऊन गच्चीवर आला. कठड्यावरचं हिरवं खरवडायला.

"काका, लीकेज होतं याने."

"दोन महिने थांब रे. वाळलं की बघू."

"काकूंचं आहे का?"

"हो."

त्याने ब्रश खाली ठेवला. मग आम्ही दोघं तिथेच चहा प्यायलो.

नलू, वर्ष झालं. मी बरा आहे. जेवतो वेळेवर.

मनापासून नमस्कार तुला. मजेत होतो गं आपण.